एक मीटर सत्तर

नेरिडा पास्कोला खरं तर घर नको होतं, एक खिडकी हवी होती. पण आमच्या मेलबर्नमध्ये खिडकी मागायला गेलेल्या माणसाला आर्किटेक्ट घरच काढून दाखवतात, आणि ते इतकं देखणं असतं की नाही म्हणायची हिंमत होत नाही. फिलिपा डर्क त्यांतलीच. तिला सगळे पिप म्हणत. वय अठ्ठेचाळीस. शहराच्या उत्तरेकडची जुनी लाकडी घरं मागून पाडायची आणि पुढून जपायची, यात तिचा हातखंडा होता. रस्त्यावरून बघावं तर शंभर वर्षांपूर्वीचा व्हरांडा, तेच लोखंडी नक्षीकाम. दार उघडून चार पावलं आत टाकली की गुळगुळीत काँक्रीटची जमीन, लाकडाच्या भिंती आणि छताला भिडलेल्या काचा. तिच्या घरांचे फोटो दोनदा मासिकात छापून आले होते. त्या फोटोंत एकही माणूस नव्हता, पण आमच्याकडे असे फोटो तसेच काढतात.

पिप पहिल्यांदा गेली तेव्हा नेरिडा मागच्या जुन्या स्वयंपाकघरात बसली होती. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. चहाचा मग तिनं दोन्ही हातांनी धरला होता, तरी तो हलत होता.

"डॉक्टर म्हणतो, आधी हात जाणार, मग पाय, मग गिळणं, मग श्वास," ती म्हणाली. "दोन वर्षं. त्यातही तो घासाघीस करतोय असं वाटलं मला. तोंड बराच वेळ टिकेल म्हणे. मला क्लाइव्हचंच वाईट वाटतं."

क्लाइव्ह तिचा नवरा. बुटका, गोल, चाळीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस. तो ओट्यापाशी बिस्किटं ताटलीत मांडत होता. "मी ऐकत नाही, त्यामुळं मला त्रास नाही," तो म्हणाला.

"बघितलंस? हा असा." नेरिडानं मानेनंच मोरीवरची छोटी खिडकी दाखवली. "आता हे बघ, पिप. तीस वर्षं मी भांडी घासताना त्या झाडाकडे बघत आले."

कुंपणापलीकडे शेजाऱ्याचं पर्सिमनचं झाड होतं. शेजारी नुन्झिओ, ऐंशी पार केलेला इटालियन म्हातारा. आमच्याकडे शरद एप्रिल-मेमध्ये येतो; एप्रिल सरत आला की त्या झाडाची पानं तांबूस होतात, मे महिन्यात गळून पडतात आणि निष्पर्ण फांद्यांवर नुसती केशरी फळं लटकत राहतात.

"मला ते अंथरुणातून दिसलं पाहिजे," नेरिडा म्हणाली. "एवढंच. बाकी तुला काय नाचायचं ते नाच. रुग्णालयात नेऊन मला छताकडे बघत मरायला लावू नका. छतं सगळीकडे सारखीच असतात."

"दिसेल," पिप म्हणाली. ती मनापासून म्हणाली. तिचे वडील रुग्णालयातच गेले होते, अकरा दिवस वातानुकूलन यंत्राच्या जाळीकडे बघत. नेरिडाच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आणि पिपनं त्या खोलीत खरोखर जीव ओतला. घराची जमीन मागं ओढ्याकडे उतरत जाते, त्यामुळं मागची खोली शेजाऱ्याच्या अंगणापेक्षा छातीभर उंच आली. कुठं उंबरा नाही, पायरी नाही. नेरिडाला उचलून अंथरुणावरून न्हाणीघरात न्यायचा झुला छतातल्या लाकडी पट्ट्यांत असा लपवला की पाहुण्याला कळूही नये. दारं चाकाच्या खुर्चीसाठी रुंद. दिव्याचं बटण पडल्या पडल्या कोपराच्या धक्क्यानं लागेल अशा उंचीवर. खिडकी उत्तरेला, पसरट, थेट जमिनीपासून वर छतापर्यंत. आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या बाजूनं असतो; हिवाळ्यातलं ते ऊन सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत अंथरुणावर यावं म्हणून तिनं छपराचा उतार चार वेळा बदलला. तिच्या कचेरीतली पोरं म्हणायला लागली, पिप आता सूर्यालाच जरा सरकायला सांगणार आहे.

आता ज्या गोष्टीनं घात केला ती सांगतो. आमच्याकडे नियम आहे. तुमच्या उंच खोलीच्या खिडकीतून नऊ मीटरच्या आत शेजाऱ्याचं अंगण दिसत असेल, तर त्या खिडकीतून खोलीच्या जमिनीपासून एक मीटर सत्तरपर्यंत आरपार दिसता कामा नये. दुधी काच लावा, फळ्या ठोका, काहीही करा. शेजारी आपल्या अंगणात उघडाबंब लोळत असेल तर त्याला तो हक्क आहे. आणि ज्याला त्या नियमातून सूट हवी, त्यानं शेजाऱ्याची लेखी संमती आणायची. म्हणजे विचारायचं. पण विचारायचं नाही, हीच तर आमच्या आर्किटेक्टांची पहिली शिकवण. एका गिऱ्हाइकानं एकदा पिपचे नकाशे वाइनचा पेला हातात घेऊन शेजाऱ्याला कौतुकानं दाखवले होते. त्या शेजाऱ्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यानं हरकत घेतली आणि घर वर्षभर लटकलं. तेव्हापासून पिपनं कानाला खडा लावला होता.

"शेजाऱ्याशी घराबद्दल एक शब्द बोलायचा नाही," तिनं पास्को नवरा-बायकोला बजावलं. "जे काय कळवायचं ते नगरपालिका पत्रानं कळवेल. त्यानं हरकत घेतली तर आठ-दहा महिने जातील. ते आपल्याला परवडणारे नाहीत."

"अगं, तीस वर्षं मी त्याचे टोमॅटो खातेय," नेरिडा म्हणाली. "आता कुंपणापाशी तोंडाला कुलूप लावून उभी राहू?"

"बोला की. हवापाण्याबद्दल बोला."

"नुन्झिओ आणि मी हवापाण्याबद्दल कधीच बोललो नाही. आम्ही लोकांबद्दल बोलतो. तेच सोपं पडतं."

"पिप म्हणतेय तर असू दे," क्लाइव्ह म्हणाला. तो नाकासमोर चालणारा माणूस. जे सांगितलं ते त्यानं पाळलं. नुन्झिओ कुंपणापाशी दिसला की तो हात हलवून आत निघून यायला लागला. नेरिडाला काठी आली होती, तिचं तर मागे जाणंच कमी झालं. पुढं मागचा भाग पाडला, तेव्हा मोरीवरची ती खिडकीही गेली.

हरकतीला जागाच ठेवायची नाही म्हणून पिपनं आपण होऊन नकाशात खिडकीला एक मीटर सत्तरपर्यंत दुधी काच दाखवली. वर साधी. नेरिडाला तिनं संगणकावर खोलीचं चित्र दाखवलं. मऊ पांढरा उजेड, त्याच्या वर स्वच्छ काच आणि काचेत ते झाड. नेरिडा तेव्हा काठी टेकून उभी राहू शकत होती. ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दिसतंय की!" ते चित्र उभ्या माणसाच्या डोळ्यांनी काढलेलं होतं. आमच्याकडे सगळी चित्रं तशीच काढतात. परवानगी सात आठवड्यांत आली. कचेरीत बाटली उघडली गेली आणि पिपच्या हुशारीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

बांधकामाला दहा महिने लागले. तोवर ते दोघं पुढच्या दोन खोल्यांत राहिले. नेरिडा काठीवरून चाकाच्या खुर्चीवर आली, खुर्चीवरून अंथरुणावर, आणि मग श्वासाचं यंत्र आलं. तोंड मात्र टिकलं. कंत्राटदार गॅव्ह रोज सकाळी तिच्या दारात डोकावून "काय बाई, अजून आहात?" असं विचारायचा, आणि ती म्हणायची, "तुझं काम बघून मरावंसं वाटत नाही, गॅव्ह."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला नव्या खोलीत आणलं. झुल्यानं उचललं, अंथरुणावर ठेवलं, उशा लावल्या. पिपनं फुलं आणली होती. गॅव्ह दारात टोपी हातात घेऊन उभा होता. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, खोली उजळून निघाली होती, नव्या लाकडाचा वास येत होता.

नेरिडानं डोळे फिरवले. छत पाहिलं, भिंती पाहिल्या. "सुंदर आहे गं," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "पिप, झाड कुठं आहे?"

"तिथं, खिडकीत. जरा वर बघा."

"वर आकाश आहे. निळं आहे, छान आहे. झाड कुठं आहे?"

पिप वाकली. तिनं आपलं डोकं नेरिडाच्या उशीला टेकवलं आणि समोर बघितलं. समोर पांढरी काच होती. काचेमागे हिरवट, तांबूस असं काहीतरी फासल्यासारखं दिसत होतं. ती काच संपून साधी काच सुरू होत होती तिथं, पडलेल्या माणसाला, आकाशाशिवाय काही दिसणं शक्यच नव्हतं. पलंग पन्नास सेंटिमीटर, गादी वीस, वर उशा. हे सगळे आकडे पिपला पाठ होते. याच आकड्यांवरून तिनं झुल्याची उंची काढली होती, दिव्याचं बटण बसवलं होतं. फक्त डोळे ती विसरली होती.

"शाळेच्या संडासाला असली काच होती," नेरिडा म्हणाली. "मुलं तिच्यावर बोटांनी काय काय लिहायची." मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला ते पुसता येत नव्हतं. क्लाइव्हनं पुढं होऊन पुसलं.

व्हरांड्यात आल्यावर गॅव्हनं पिपचा दंड धरला. "एक घाव घालतो. आत्ता. फुटली म्हणून सांगू. साधी काच दोन दिवसांत बसते."

"अजून अखेरची तपासणी व्हायची आहे, गॅव्ह. साधी काच दिसली तर राहायचा दाखला मिळणार नाही. आणि आर्किटेक्ट म्हणून माझी नोंदणी जाईल ती वेगळीच."

"कोण बघायला येतंय?"

"रीतसर करू. शेजाऱ्याची सही आणते. नगरपालिका सूट देते. चार आठवड्यांचं काम आहे."

"तिच्याकडे चार आठवडे आहेत का?"

"आहेत," पिप म्हणाली. जणू तिला कुणी लिहून दिलं होतं.

नुन्झिओ आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये लसूण बांधत बसला होता. त्यानं पिपला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू ती काचवाली," तो म्हणाला.

"हो. मला तुमच्याशी..."

"पत्र आलं होतं मला. सहा पानांचं. माझ्या मुलीनं वाचून दाखवलं. बाबा, म्हणाली, ते खिडकी अशी करतायत की तुमच्याकडे बघता येणार नाही. मी म्हटलं, बरं बाई. तीस वर्षं मी त्यांना टोमॅटो दिले, सॉस दिला, ती आजारी पडली तेव्हा सूप दिलं. आणि मग त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं आणि भिंत घातली. काचेची, पण भिंतच." त्यानं लसणाची जुडी खाली ठेवली. "आमच्या गावाला माणूस दारात येऊन शिव्या घालतो, मग आपण त्याला शिव्या घालतो, मग एकत्र जेवतो. इथं पत्र येतं."

पिपनं सगळं सांगितलं. झाडाचं, अंथरुणाचं, कुणाशी बोलू नका म्हणून तिनंच कसं बजावलं त्याचं. म्हातारा ऐकत राहिला.

"म्हणजे तिला माझं तोंड बघायचं नव्हतं असं नाही?"

"ती खिडकीच तुमच्या झाडासाठी होती."

"मग विचारायचंस ना, पोरी! मी काय राक्षस आहे? मी कुंपण उपटून दिलं असतं!" त्यानं तिच्या हातातला कागद जवळजवळ ओढून घेतला आणि लसणाच्या टोपलीवर ठेवून सही केली. मग हात धुतले, केस विंचरले, एक फांदी फळांसकट कापली आणि तसाच पास्कोंच्या दारात जाऊन उभा राहिला. नेरिडाच्या अंथरुणाशी बसून तो तासभर रडला आणि तासभर सगळ्या गल्लीची निंदा केली. नेरिडा यंत्राच्या मुखवट्याखाली हसत होती.

पण फांदी म्हणजे झाड नव्हे. क्लाइव्हनं फोनवर फोटो काढून दाखवले. नेरिडा म्हणाली, यात काही हलत नाही. आरसा टांगून पाहिला, त्यात एका फांदीचं टोक आणि बरंचसं आकाश आलं. बाहेर न्यायचं तर मागं अजून खडी आणि चिखल, आणि मान जराशी कलली तरी तिचा श्वास अडकायचा. मग क्लाइव्ह रोज सकाळी खिडकीपाशी स्टूल ठेवून त्यावर चढू लागला. तो इतका बुटका होता की स्टुलाशिवाय त्यालाही वरच्या काचेतून काही दिसत नव्हतं.

"आज पानं निम्मी गळलीत," तो सांगायचा. "दोन पोपट आलेत. एकानं फळ फोडलंय. नुन्झिओ खाली उभा राहून त्याला शिव्या देतोय."

"इटालियन?"

"इटालियन. मला दोनच कळल्या."

नुन्झिओनं त्या वर्षी फळं काढली नाहीत. झाडावर पक्ष्यांसाठी टाकलेली जाळीही त्यानं उतरवली. तिला दिसेल तेव्हा जाळीतून दिसायला नको, असं तो म्हणाला. रोज पाच-सहा फळं पोपटांच्या तोंडात जात होती आणि तो शिव्या देण्यापलीकडे काही करत नव्हता.

पिप दर दोन दिवसांनी नगरपालिकेला फोन करत होती. कागद टेबलावर आहे, म्हणाले. मग नकाशाची आणखी एक प्रत मागितली. मध्ये सुट्ट्या आल्या. चारचे सहा आठवडे झाले. नवी काच तिनं दुकानात कापून तयार ठेवायला सांगितली होती, पत्र आलं की त्याच दिवशी बसवायची. नेरिडाचा आवाज आता फार हळू येत होता, कान तोंडाशी न्यावा लागायचा. पिप भेटायला गेली की ती विचारायची, "आलं?" आणि पिप म्हणायची, "या आठवड्यात नक्की."

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी नेरिडा गेली. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि ऊन अगदी पिपनं आखलं होतं तसं छपराखालून आत येऊन अंथरुणभर पसरलं होतं, पायांपासून उशीपर्यंत. तिचं तोंड खिडकीकडे होतं. मंगळवारी नगरपालिकेचं पत्र आलं, सूट मंजूर. पिपनं ते कचेरीत उभ्या उभ्या वाचलं आणि स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेतलं. तिथं ती बराच वेळ रडली. तिला स्वतःची किळस आली होती.

दफन शुक्रवारी झालं. पुढच्या बुधवारी क्लाइव्हचा फोन आला, "काच आलीय, पिप. व्हरांड्यात उभी करून गेलेत. तिचं काय करायचं?"

ती गेली. काच तपकिरी कागदात गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती. क्लाइव्ह मागच्या खोलीत होता. पलंग भाड्याचा, तो परत गेला होता. खोली मोकळी, लख्ख, मासिकातल्या फोटोसारखी दिसत होती. त्यानं तिला खुर्ची दिली आणि आपण उभाच राहिला.

"गॅव्ह आला होता दफनाला," तो म्हणाला. "थोडी जास्त झाली होती त्याला. म्हणत होता, पहिल्याच दिवशी फोडतो म्हणालो होतो."

"हो."

"तू नको म्हणालीस."

"हो." पिप म्हणाली. "मी घाबरले, क्लाइव्ह. दाखल्याला, नोंदणीला. मला वाटलं, वेळ आहे. मला माफ करा असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू?"

त्यानं ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं तिला फार वाटत होतं. तो ओरडला नाही. दुधी काचेपाशी जाऊन त्यानं तिच्यावर हात ठेवला.

"मला पण म्हणाली होती ती," तो म्हणाला. "मे लागला तेव्हा. क्लाइव्ह, म्हणाली, शेडमधून हातोडा आण आणि फोड ही एकदाची. कोण मला तुरुंगात घालतंय? मी म्हटलं, अगं, पत्र येईल आता, पिप बघतेय ना. दोन दिवसांनी परत म्हणाली. मग परत. एकदा मी शेडपर्यंत गेलो. हातोडा काढला, हातात धरला आणि परत खिळ्याला अडकवला. आत येऊन तिला सांगितलं, चाळीस वर्षं ट्राम चालवली, एकदाही लाल दिवा असताना पुढं गेलो नाही, आता या वयात काय शिकणार. ती हसली. म्हणाली, माहीत आहे रे मला."

कुंपणापलीकडे नुन्झिओ शिडी सरकवत होता, त्याचा आवाज येत होता.

"चार वेळा म्हणाली," क्लाइव्ह म्हणाला. "नंतर नाही म्हणाली. नंतर ती नुसती या काचेकडे बघत पडायची, आणि मी इथंच, या खुर्चीत, तिचा हात धरून पत्राची वाट बघत बसायचो."